म्हैस पाण्यातून उठेना

त्या वर्षी माझे मन फार कोरडे झाले होते. सांगलीत मुलींच्या शाळेत मी शिकवत असे. पहाटे स्नान करून दत्तगुरूंच्या नामाला बसायचे, हा नेम मी कधी चुकवला नव्हता; पण आत काही हलत नसे. ओठ चालत, मन मात्र बाजार फिरून येई. शाळा भरताना मुलींनाही मी थोडा वेळ मांडी घालून, हात जोडून गप्प बसवत असे. सोबतच्या शिक्षिका हसून विचारत, "पोरींना जोगिणी करायच्यात का?" ज्याची गोडी मलाच लागली नाही, ते मुलींकडून कशाला करवून घ्यायचे, असे वाटू लागले होते.

महायुद्ध नुकतेच संपले होते. दसरा झाल्यावर वरच्या वर्गातल्या मुलींना घेऊन मी औदुंबरला निघाले. भिलवडीपर्यंत आगगाडी, मग नदीपर्यंत पायी आणि पुढे नाव. पाऊस लांबल्यामुळे कृष्णा अजून भरलेली होती. नावाडी आप्पा म्हातारा, पण हसतमुख. मध्यावर आल्यावर त्याचा बांबू गाळात रुतला आणि उपसताना हातातून निसटला. नाव आडवी झाली आणि धारेबरोबर खडकांच्या दिशेने निघाली.

मुली किंचाळत उठल्या. नाव एका अंगाला कलली, पाणी आत आले. आप्पा ओरडला, "बसा गं पोरींनो! हलू नगासा, न्हाईतर समदी बुडू!" कोणी ऐकेना. मग मी रोज जे करत होते तेवढेच केले. नावेच्या तळाशी ओल्या फळीवर मांडी घातली, हात जोडले, डोळे मिटले. काही मागितलेसुद्धा नाही. 'आता तुझे तू बघ,' एवढेच मनात आले.

जरा वेळाने नाव सरळ झाल्यासारखी वाटली. डोळे उघडले, तर वर्गातली सगळ्यांत खोडकर कुसुम माझ्यासमोर हात जोडून बसली होती. तिचे पाहून एकेक मुलगी खाली बसत होती. शाळेतल्यासारखी शांतता पसरली आणि त्या शांततेत पैलतीराकडून हाक ऐकू आली, "आवं बाई, दोर टाकतो, धरा!"

एक माणूस म्हशीच्या शेपटीला धरून पोहत येत होता. त्याने फेकलेला कासरा आप्पाने नावेला बांधला, दुसरे टोक त्याने म्हशीच्या गळ्यात अडकवले आणि ती काळी माउली आम्हांला घेऊन सावकाश काठाकडे निघाली. भीती कुठल्या कुठे पळाली. मुली टाळ्या पिटून हसू लागल्या.

काठावर मी त्याला हात जोडले. तो लाजला. "माझं कसलं आलंय, बाई? मी इब्राहिम, परगावचा. जनावरं बाजाराला न्यायला निघालो, तर ही सकाळधरनं पाण्यात बसली ती उठंचना. लय शिव्या दिल्या, मारलं, व्हय न्हाई म्हणंना. बाकीची म्होरं गेली, मी हितंच आडकलो. तुमची नाव दिसली अन् ही आपसूक उठली बगा!"

देवळात गेल्यावर पादुकांवर डोके ठेवले. डोळे वाहत होते. शेजारी कुसुम पुजाऱ्यांना म्हशीची गोष्ट रंगवून सांगत होती.

मुलींना शिस्त मी लावते, त्यांना पुढे मी नेते, असा माझा समज होता. त्या दिवशी कळले की आपण नेमाने आपल्या जागी बसावे. नेणारा निराळा आहे आणि त्याने कुणाला कुठे थांबवून ठेवले आहे, हे आपल्याला दिसत नसते. आम्ही प्रसादाची केळी घेऊन घाटावर धावलो. इब्राहिमभाईंनी एक कपाळाला लावून खाल्ले. उरलेली म्हशीने सालासकट फस्त केली. मी वाकून तिच्या पायांना हात लावला, तेव्हा मुली खो खो हसल्या आणि मग एकेक करून त्याही वाकल्या.