करुणाच्या बाळंतपणाला मी गेले नव्हते

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलांपाशी नाही. प्रार्थनेतसुद्धा या गोष्टीला वळसा घालून पुढे जात आले. आत्ताच का सांगते आहे, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. देहूरोडला छावणीच्या एका दवाखान्यात मी नर्स होते. आमची ख्रिस्ती मंडळी लहानशी — डेपोतले कारकून, ड्रायव्हर, पिंपरीच्या नव्या कारखान्यांत लागलेली दोन-चार घरं. तरी आमच्या पाळकसाहेबांच्या मनात आलं, की आपणही खेड्यात प्रभूचं वचन सांगायला एक सुवार्तिक पाठवायचा. गोऱ्या साहेबांच्या मिशननं नाही — आपण. शांतवन नावाचा हडकुळा, कमी बोलणारा तरुण होता. तो आणि त्याची बायको करुणा महाळुंग्याच्या पुढच्या एका वाडीत राहायला गेले. निरोपाच्या उपासनेत आम्ही हार घातले, गाणी म्हटली, डोळे पुसले. मग आपापल्या घरी जाऊन जेवलो. पाठवणं किती सोपं असतं, नाही?

करुणाला दिवस गेले. शांतवननं मंडळीकडे एकच मागणं केलं — शेवटच्या महिन्यात तिला देहूरोडला आणून ठेवा. मंडळीच्या पंचांच्या बैठकीत मीच म्हणाले, "कशाला? मी असताना तिला हलवायचं काय कारण? वेळेला मी जाईन." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते फार आवडलं — खोटं का बोलू?

श्रावण सरत आला होता. करुणाचे दिवस भरत आले, तशी मी एसटीनं वाडीच्या फाट्यावर उतरले. हातात बाळंतपणाची पिशवी. पावसाळा म्हणून विहिरीत टाकायची लाल पावडर आणि जुलाब थांबवायच्या गोळ्याही भरपूर घेतल्या होत्या. फाट्यावरच्या चहावाल्यानं विचारलं, "बाई, वाडीला निगालाय का? नका जाऊ. पटकी हाय तिथं. कालच दोन मानसं गेली."

"आणि तो ख्रिस्ती मास्तर? त्याची बायको?"

"ती न्हाई गेली कुठं. हायेत की तिथंच."

मी बाकड्यावर बसले. पटकी, म्हणजे कॉलरा, काय असते हे मी दवाखान्यात पाहिलं होतं — सकाळी हसणारा माणूस दुपारी सुरकुतलेला, गार. मला लस टोचलेली होती. औषधं मांडीवर होती. समोर कांद्याच्या शेतांपलीकडे वाडी दिसत होती, कुणाच्या तरी कौलांतून धूर निघत होता. चालत कितीसं अंतर ते! पण पाय उचलेनात. थांबायचं की जायचं, असं मी स्वतःशी म्हणत राहिले — आणि परतीची गाडी आली तेव्हा त्या गाडीत चढले.

एवढंच असतं तर मी घाबरट ठरले असते. पण एवढंच नाही.

देहूरोडला पोचले, तर पाळकसाहेब माझ्या दारातच भेटले. वाडीकडे साथ आहे असं त्यांच्याही कानावर आलं होतं. डेपोतल्या एका ड्रायव्हरला सांगून त्यांनी गाडीची सोय केली होती. करुणाला घेऊन यायला ते स्वतः निघणार होते. मी म्हणाले, "मी आत्ता तिथूनच येते. वाडीत काही नाही. करुणा छान आहे, अजून अवकाश आहे."

त्यांनी हात जोडले, देवाचे आभार मानले. गाडी परत पाठवली.

कळतंय ना, मी काय केलं? मी गेले नाही ते वेगळं. जो जाणार होता, त्यालाही मी थांबवलं. औषधांची पिशवी माझ्या कपाटात पडून राहिली. तिकडे माणसं मरत होती.

पुढे निरोप आला — मुलगी झाली, दोघी सुखरूप. साथीची आवई असताना वाडीत जाऊन तिला पाहून आले, म्हणून मंडळीनं मलाच शाबासकी दिली. मी ती घेतली.

बाप्तिस्म्याच्या रविवारी शांतवन आणि करुणा आले. त्यांच्याबरोबर वाडीतली एक म्हातारी होती — ठकूबाई. कपाळावर गोंदण, हातात काठी. देवळात कुठं बसायचं हे तिला उमगेना, म्हणून दाराशी चपलांजवळ बसली. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, बाळाला माझ्या हातात दिलं. मग करुणाला दोन शब्द बोलायला सांगितलं.  आता ती सांगणार — असं वाटून मी जमिनीकडे पाहत उभी होते.

करुणा म्हणाली, "देवानं मला एकटं सोडलं नाही. वेळेला माणूस पाठवलं." आणि खाली बसली.

उपासना संपल्यावर अंगणात ठकूबाई माझ्याजवळ आली. बाळाची मान माझ्या हातावर नीट नव्हती. तिनं ती सारखी केली. "अशी धरा. तुमीच का त्या नर्सबाई? पोरगी लई वाट बघत हुती तुमची."

मी मान डोलावली. तीच सांगत राहिली. "आमी हिला विहिरीवर पानी भरू देत नव्हतो बगा. आन् माजा नातू पटकीनं पडला तवा हीच आली. पोट ह्ये एवढं! पानी उकळायची, चमच्या-चमच्यानं पेज पाजायची. मानूस जगवला तिनं. मग हिला कळा सुरू झाल्या, तवा आमी बाया घरात बसनार व्हय?"

मी करुणाकडे पाहिलं. ती जवळच उभी होती. तिनं म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आजी, ताई फाट्यापर्यंत आल्या होत्या."

तिला ठाऊक होतं. चहावाल्यानं सांगितलं असणार. सगळं ठाऊक असून तिनं देवळात त्याबद्दल तोंड उघडलं नव्हतं. आणि आत्ता जे बोलली त्यात टोमणा नव्हता, दया दाखवल्याचा आवही नव्हता. मी जेवढं केलं होतं तेवढं — तेवढंच — तिनं माझ्या बाजूनं सांगितलं. लहानपणापासून मी देवळात "पवित्र" हा शब्द म्हणत आले होते. त्या अंगणात तो माझ्यासमोर दोन बायांच्या रूपानं उभा होता. एक आमची, एक तुळशीला पाणी घालणारी. मला वाटलं, इथं मी चपला काढून उभं राहायला हवं. इतकी मोठी माणसं इतक्या जवळून मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

तरी मी बोलले नाही. पंचांनी ठरवलं, ही व्यवस्था उत्तम आहे; पुढचं जोडपं भामा नदीपलीकडे पाठवू, त्यांचीही काळजी सिस्टर घेतील. मी हो म्हणाले. त्या जोडप्याकडे मी दर महिन्याला जात राहिले, आणि लोक मला धीराची म्हणत राहिले. एकदा, फक्त एकदा उभं राहून म्हणायचं होतं — पाठवलेल्या माणसाला आपण त्या वाडीत एकटं टाकलं होतं, त्याला सांभाळलं ते वाडीनं. मंडळीला हे कळायला हवं होतं. मी कळू दिलं नाही.

पाळकसाहेब थकले, अंथरुणाला खिळले. शेवटी शेवटी मी त्यांच्या शुश्रूषेला होते. एका दुपारी त्यांनी माझा हात धरला आणि क्षीण आवाजात प्रार्थना केली — करुणासाठी संकटात धावून गेलेली ही बहीण तू आम्हाला दिलीस, म्हणून प्रभू, तुझे आभार.

मी आमेन म्हटलं.