कुलूप

हैदराबादेत काचीगुड्याला राहणाऱ्या प्रतापरावांनी टॅक्सच्या कामासाठी घरी कॉम्प्युटर घेतला, तो दोन हजार सालच्या उन्हाळ्यात. बायको त्रिवेणी त्यावर नांदेडच्या बहिणीला ईमेल लिहायला शिकली, तेव्हा त्यांना भारी कौतुक वाटलं होतं.

पुढे मशीन विचित्र वागू लागलं. सीडीचा कप्पा आपोआप बाहेर यायचा. माऊसला हात न लावता पडद्यावरचा बाण सरकायचा. कुणी काही करत नसलं तरी मॉडेमचे दिवे लुकलुकत राहायचे. मग ईमेलचा पासवर्डच चालेना, आणि एका जुन्या अशिलाचा फोन आला, "असली घाणेरडी मेल तुम्ही पाठवलीत?"

प्रतापराव तडक स्वयंपाकघरात शिरले. "काय काय दाबून ठेवतेस गं?"

"मी फक्त ताईला लिहिते. तुमचा पासवर्ड मला ठाऊकसुद्धा नाही."

"मग काय भूत येऊन बसतं तिथं?"

त्यांची आई, चतुराबाई, तिथंच भाजी निवडत होत्या. त्रिवेणी कणीक मळत राहिली. प्रतापरावांनी कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप ठोकलं.

एका दुपारी ते एकटेच मशीनसमोर बसले होते. हात मांडीवर होते, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: हॅलो अंकल. त्यांनी फोनची वायर उपटली, कॉम्प्युटरचा डबा उचलला आणि रिक्षानं सिकंदराबाद गाठलं.

दुरुस्तीवाल्यानं तपासून विचारलं, "कोई बाहर से चलारा साब तुम्हारा मशीन. इस गेम के साथ घुसा. ये क्रिकेट का गेम कौन डाले?"

तो गेम मित्रानं मेलवर पाठवला होता. काम आटोपलं की प्रतापराव तो खेळायचे. "मैं," ते पुटपुटले.

आई देवळात गेल्याचं बघून त्यांनी त्रिवेणीला सगळं सांगितलं. "चूक माझीच होती. तुला उगाच बोललो."

"बोललात ते आईंसमोर," ती म्हणाली. "हेही त्यांच्यासमोर सांगा."

त्यांनी सांगितलं. सांगताना मान वर होईना. चतुराबाई एवढंच म्हणाल्या, "तेव्हा मीही गप्पच बसले की."

मशीन साफ होऊन आलं. कुलूप निघालं. "ये, ताईला लिही," प्रतापरावांनी हाक मारली.

"नक्को. उद्या काही बिघडलं की पुन्हा माझ्याकडेच बघाल."

असं होणार नाही, हे त्यांना छातीठोकपणे म्हणता आलं नाही. आता ती स्टेशनजवळच्या इंटरनेट सेंटरमध्ये जाते. स्कूटरवर सोडतो म्हटलं तर चालतच निघते. ताईची खबर जेवताना सांगते, पण चतुराबाईंना. प्रतापराव ताटात बघत ऐकत बसतात.