चार भिंतींचा पिवळा

धनराजभाऊंच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी रंगाचं शेडकार्ड मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांनाच फोन लावणार होते. “बाबा सकाळी गेले, काकू,” ती म्हणाली. ज्या पेंटरला विचारल्याशिवाय आमच्या भिंतीवर पन्नास वर्षांत बोटभर रंग चढला नाही, तोच गेला, आणि माझं बोट अजून पिवळ्या चौकोनावरच होतं. या गोष्टीला दीड महिना झाला. एक ठपका मात्र त्यांच्या नावाला माझ्यामुळे चिकटला होता. तो मी त्यांच्या घरी जाऊन पुसून आले, तरी खरं काय ते छापून आलेलं बरं.

मी लग्न होऊन नागपुरात आले ती गृहविज्ञान शिकून, म्हणजे अज्ञानाला प्रमाणपत्र मिळवून. नणंद शकूला पाहायला पाहुणे येणार होते. बैठकीची खोली उबदार पिवळी करायची, हे मी सदर बाजारातल्या रंगाच्या दुकानात ट्यूबलाइटखाली उभं राहून एका मिनिटात ठरवलं. धनराजभाऊ तेव्हा तिशीचे. उमरेडच्या विणकरांच्या घरातले, वडील सूत रंगवायचे. ओला रंग खोटं बोलतो, हे ते बापाकडून शिकलेले. त्यांनी समोरासमोरच्या दोन भिंतींवर हातभर पट्टे ओढले आणि सकाळी, दुपारी, दिव्यात असं तीनदा पाहा म्हणाले. मी एकदाही धड पाहिलं नाही. मग त्यांनी समजावलं, “वहिनी, पिवळा एकमेकाच्या अंगावर पडते. चार भिंती केल्या तर दुप्पट होईन. एकच करा, नाहीतर दोन नंबर फिका घ्या.” मी त्यांना ऐकवलं की रंगसंगतीवर मला पुस्तक पाठ आहे. बिचाऱ्यांनी मान हलवली आणि ब्रश बुडवला… अहाहा, काय तो माझा रुबाब!

पाहुणे बरोबर चारला आले, आणि पश्चिमेच्या खिडकीतून ऊनही त्यांच्याबरोबरच आत शिरलं. भिंती पेटल्या. सासूबाई पिवळ्या, दुधाची साय पिवळी, शकू तर हळद लागल्यासारखी. मुलाच्या आईनं तिला जवळ बसवलं, डोळ्यांखाली नीट पाहिलं आणि हळूच विचारलं, मुलीला कावीळ होऊन गेली का. त्यांचा मुलगा तरी कुठे गुलाबी दिसत होता! पण शकू पदरानं गाल पुसायला लागली, आणि सासूबाईंची नजर माझ्याकडे वळण्याआधी मी बोलून मोकळी झाले, “पेंटरनं रंग बिघडवला.”

धनराजभाऊ शिडी न्यायला आलेले, दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच, फार वेळ नाही. मग म्हणाले, “हो जी, माझाच हात चुकला. पोरीले आंगणात नेऊन पाहा, सोनं हाय.” शकूला अंगणात नेलं आणि तिथे उभ्या उभ्या होकार मिळाला. शकूनं मला मिठी मारली, सासूबाईंनी साखर वाटली, मी सर्वांत जास्त मिरवले. पुढच्याच आठवड्यात गल्लीतल्या दोन घरांनी धनराजभाऊंना सांगितलेलं काम दुसऱ्याला दिलं. तेव्हाही मी बोलले नाही. ते मात्र दर दिवाळीआधी येत राहिले, भिंतीला पट्टे ओढून मला तीनदा पाहायला लावत राहिले, आणि त्या दुपारचं एक अक्षर त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

ते गेल्यावर मी घरच्यांना भेटायला गेले, तर त्यांच्या बैठकीत पाय ठेवताच मी थबकले. खिडकीसमोरची एकच भिंत पिवळी, तोच माझा पिवळा, बाकी तीन पांढऱ्या. आणि काय खोली दिसत होती ती! आंब्याच्या फोडीसारखी. सांत्वनाला आले हे विसरून मला टाळी वाजवावीशी वाटली. त्यांची बायको वत्सलाबाई जमिनीवर बसल्या होत्या, भोवती आमच्या गल्लीतले चार म्हातारे. मी उभ्यानंच म्हटलं, “तो रंग त्यांनी नाही बिघडवला. मी निवडला होता, मी चारही भिंतींना लावायला लावला, आणि नाव त्यांचं घेतलं.”

काम काढून घेणाऱ्यांपैकी एक आजोबा काठीकडे पाहत राहिले. वत्सलाबाईंनी डोळे पुसले आणि त्या चक्क हसल्या. “मले का सांगता, वहिनी. त्याच दिवशी घरी येऊन सांगतलं त्याईनं. म्हणे, बाईची पसंद एक नंबर हाय, भिंती जास्त झाल्या. मंग हीच भिंत रंगवली, दर पाच वर्षांनी तोच रंग जुळवत.”

मला रडू का हसू कळेना.

“काहून रडून राहिल्या?” त्या म्हणाल्या. “बसा. त्याईची बहीण आली हाय आतून, तिले कमी ऐकू येते. तिले अजून वाटते, भावाचाच हात चुकला होता.”

म्हातारीनं कानामागे हात धरला. मी त्या पिवळ्या भिंतीला पाठ टेकून बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले… या वेळी मोठ्यानं.