स्वल्प धूळ

माझा राग नाकावर असतो. हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायचे कष्ट नकोत. मागच्या वर्षी दसऱ्यानंतरचे दोन दिवस तो नाकावरून खाली उतरलाच नाही आणि त्याला कारण माझा लॅपटॉप होता. निदान त्या दोन दिवसांत माझी तशी समजूत होती.

मी घरी बसून शाळेच्या पुस्तकांची पानं लावते. मजकूर, चित्रं, धड्याखालचे प्रश्न, सगळं पानात नीट बसवून छापखान्याकडं पाठवायचं. आमचं घर राजाजीनगरात. नवरा सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला जातो आणि रिंग रोडची मर्जी असेल तेव्हा परत येतो, त्यामुळं दिवसभर घरात मी आणि सासूबाई. सासऱ्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. कापणं-शिवणं त्यांचं आणि काज-बटण सासूबाईंचं, चाळीस वर्षं, घरी खिडकीशी बसून. या घराच्या चार पिढ्या इथं कानडी मुलखातच गेल्यामुळं त्यांच्या मराठीत निम्मं कानडी आहे. मी बेळगावकडची, मला दोन्ही भाषा येतात, तरी लग्न झाल्यावर सहा महिने ‘स्वल्प मीठ घाल’ म्हणजे चिमूटभर की चमचाभर, याचा मला पत्ता लागत नव्हता.

मग सासूबाईंचं वय झालं, हात थरथरायला लागले. एकदा दूध उतू गेलं, एकदा गॅस नुसताच चालू राहिला. मी गॅस त्यांच्याकडून काढून घेतला. मग विळी काढून घेतली, मग गोळ्यांचा डबा, मग किल्ल्या. “तुम्ही बसा आई, मी करते,” हे मी इतक्या गोड आवाजात म्हणायची की त्यातली सक्ती माझी मलाच ऐकू यायची नाही. त्याही बसायच्या. शेवटी त्यांच्या हातात एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे खंडेनवमीची आयुधपूजा. तिच्यात जळण्यासारखं, सांडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती माझ्या तावडीतून सुटली होती.

ती पूजा त्या फार मन लावून करतात. सासऱ्यांचं शिलाई मशीन, मोठी कात्री, विळी, मिक्सर, खाली उभी असलेली स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू, फूल आणि अक्षता. आमच्या माहेरी अक्षता नुसत्या कुंकवाच्या. यांच्याकडं कुंकवात तुपाचं बोट फिरवतात, म्हणजे तांदूळ जिथं टाकाल तिथं चिकटून बसतो. लॅपटॉपही त्या रांगेत असतो आणि तो उघडाच ठेवावा लागतो. मिटलेला असला की ती वही, उघडला की ते यंत्र, असं सासूबाईंचं म्हणणं. त्यांनी थरथरत्या हातानं त्याच्यावर अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि माझ्याकडं बघून हसल्या. पूजेला मांडलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, म्हणून तो तसाच राहिला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाईघाईनं फूल उचललं, फडकं घेऊन की-बोर्ड खसाखसा पुसला आणि बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह उमटलं, खाली ठिपके गोल फिरायला लागले, आणि पडदा काळा. मग आपोआप पुन्हा चिन्ह, पुन्हा ठिपके, पुन्हा काळा. दारापर्यंत येऊन पुन्हा माघारी फिरणाऱ्या पाहुण्यासारखं त्याचं चाललं होतं. पानांची एक प्रत दुसरीकडं ठेवलेली होती, त्यामुळं काम बुडणार नव्हतं. पण ज्याला मी एरवी गृहीत धरते त्यानं ऐकलं नाही की माझं डोकं फिरतं.

मी नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, अपडेट अडकलं असेल, थोडं थांब. मी थोडं थांबले. मग चार्जर काढून पाहिलं, माऊस काढला, पेन ड्राइव्ह काढला. मोबाइलवर एका माणसाचा व्हिडिओ बघून बॅटरी पार उतरवली आणि पुन्हा भरली. दुसऱ्या एकानं दुरुस्तीच्या पानावर कसं जायचं ते दाखवलं होतं. तेही पान एकदा आलं आणि मी त्यावर काही निवडायच्या आत पडदा काळा झाला. रॅमपासून हार्ड डिस्कपर्यंत जे जे बिघडू शकतं त्याची मी मनात यादी केली आणि प्रत्येकाला शिव्या दिल्या.

दुपारी सासूबाई खुर्चीतून उठून माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ त्यांनी ते चालू-बंद बघितलं. मग वाकून की-बोर्डच्या कोपऱ्यातल्या बटणावर बोट ठेवलं.

“हे बटण स्वल्प खाली बसलंय गं.”

“आई, ते तसंच असतं. तुम्ही बसा.”

त्या जाऊन बसल्या. नंतर मी पुन्हा नवऱ्याशी फोनवर बोलत होते, आणि माझा आवाज मुळातच चढा. परवापर्यंत चांगला होता, पूजेला ठेवला तेव्हापासून बिघडला, असं मी म्हणाले. मला फक्त दिवस सांगायचा होता. बोलून झाल्यावर वळून पाहिलं तर त्या खुर्चीत नव्हत्या. आत जाऊन त्यांनी अक्षतांची वाटी घासून-पुसून कपाटात ठेवली होती. रात्री अर्धी भाकरी खाऊन उठल्या, आणि भूक नाही म्हणाल्या ते मी खरं धरलं.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप दुरुस्तीला न्यायला निघाले, तर त्या चप्पल घालून दारात तयार. मी येते, म्हणाल्या. कशाला, गर्दी असेल, असं मी समजावून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. ऑटोत लॅपटॉपची पिशवी त्यांनी माझ्याकडून मागून घेतली आणि दोन्ही हातांनी मांडीवर धरली. दुखणाईत पोराला डॉक्टरकडं न्यावं तशा त्या बसल्या होत्या. मी बाहेर बघत होते आणि आता पिशवीबरोबर त्यांनाही चढवा-उतरवायचं म्हणून मनातल्या मनात चरफडत होते.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. तिथं चाळिशीची एक कानडी बाई एकटीच काम करते. सगळे तिला अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मी काय काय करून पाहिलं ते तिला धडाधड सांगायला लागले. ती प्रत्येक वाक्याला ‘सरी, सरी’, म्हणजे बरं, बरं, म्हणत राहिली आणि माझं संपल्यावर, आता कशालाही हात न लावता मला बघू दे, म्हणाली. सासूबाईंना तिनं स्टूल दिलं. तिनं लॅपटॉप चालू केला आणि हात मांडीवर ठेवून तीन वेळा त्याला बंद होताना नुसतं बघितलं. कालपासून घरात हे एका माणसानंच केलं होतं, आणि त्या माणसाला मी बसायला सांगितलं होतं.

तेवढ्यात सासूबाई तिला कानडीत म्हणाल्या, “अक्का, मी याची पूजा केली होती. माझ्या हातून बिघडलं असेल तर मला सांग हं. म्हणजे मी यापुढं हात लावणार नाही, कशालाच.”

त्यातला ‘कशालाच’ तेवढा मी नीट ऐकला. गॅस, विळी, गोळ्या, किल्ल्या, सगळं त्या एका शब्दात आलं होतं.

अक्कानं सगळ्या बटणांवरून बोट फिरवलं आणि कोपऱ्यातल्या बटणापाशी थांबली. मशीन खोलायची गरज नव्हती. पातळ पट्टीनं तिनं ते बटण अलगद उचललं, त्याच्या खाली चिमटा घातला आणि तांदळाचा एक दाणा बाहेर काढला. कुंकवानं लाल, तुपानं चिकट. मग कापसाच्या काडीनं आतली जागा पुसली. चालू-बंद करायचं ते बटण अर्धवट दबलेलं राहत होतं, म्हणून त्या बिचाऱ्या यंत्राला वाटत होतं की कुणीतरी त्याला सारखं बंद हो, चालू हो म्हणून सांगतंय.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला पक्कं माहीत आहे. “बघा,” एवढंच. त्या एका शब्दात मी त्यांची शेवटची गोष्टही काढून घेतली असती, आणि परत घरी जाताना ऑटोत मला स्वतःची बाजू खरी ठरल्याचं समाधानही वाटलं असतं.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. डोळे मोठे केले नाहीत की खूण केली नाही, नुसतं बघितलं. चिमट्यातला दाणा तिनं तळहातावर घेतला, मूठ मिटली आणि सासूबाईंकडं वळून म्हणाली, “धूळु, अज्जी. स्वल्प धूळु इत्तु.”

धूळ कानडीत आणि मराठीत एकच. आम्हा दोघींनाही भाषांतर नको होतं. धूळ होती, थोडीशी.

सासूबाईंनी मान डोलावली. मी तोंड मिटलं. लॅपटॉप चालू झाला, ठिपके फिरले आणि माझं अर्धवट पान समोर आलं, बेरजेच्या गणितांचं. सासूबाई स्टुलावरून उठत होत्या तेव्हा अक्का मला हळूच म्हणाली, की वरून पडलेला दाणा एवढ्या फटीत आपणहून जात नाही, कुणीतरी जोरात पुसलं असणार. मी हो म्हणाले. माझं मलाच ते खसाखसा फडकं दिसलं. त्या बाईनं एका मुठीत आम्हा दोघींनाही झाकलं होतं, आणि तिच्या शेल्फावर पुढचे चार लॅपटॉप वाट बघत होते.

घरी येऊन मी कामाला बसले. सासूबाई खिडकीशी होत्या. बऱ्याच वेळानं तिथूनच म्हणाल्या, “धूळ लाल असते होय गं?”

मी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं.

“कापूस लाल झालेला मी बघितला. ती बाई चांगली आहे. म्हणून तिथं बोलले नाही, तिला कसं वाटलं असतं.” मग म्हणाल्या, “पुढच्या वर्षी अक्षता तू वाहा.”

मी उठून त्यांच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळं नीट जमलं नाही. तो दाणा तुम्ही वर ठेवला होता, फडक्यानं घासून आत मी ढकलला, असं सांगितलं. तुम्ही बोट ठेवून दाखवलं तेव्हा ऐकलं असतं तर काल दुपारीच सुटलं असतं, हेही सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, खरं की अक्कासारखं? मी म्हणाले, खरं. तेव्हा त्या हसल्या. एवढी वर्षं बटणं लावली, खाली बसलेलं बटण बोटाला कळणार नाही का, म्हणाल्या.

“तुम्हीच वाहायच्या आई,” मी म्हणाले. “नुसतं झाकण मिटून ठेवू.”

“मिटलं की ती वही होते,” त्या म्हणाल्या. मग विचार करून म्हणाल्या, “असू दे. वहीची पण करतात पूजा.”

दुसऱ्या दिवसापासून सकाळचं दूध त्या तापवतात. मी स्वयंपाकघरात असते, पण पाठ करून उभी राहते. ते अधूनमधून उतू जातं, तेव्हा ओटा पुसताना मला राग येतो आणि त्याच वेळी बरंही वाटतं. किल्ल्याही परत दिल्या. विळी अजून दिलेली नाही, त्यावर आमची बोलणी चालू आहेत.

यंदा खंडेनवमीला लॅपटॉप मिटलेला होता आणि त्याच्या झाकणावर सासूबाईंनी मोजून पाच दाणे ठेवले. मग उरलेल्या अक्षता आणि थोडं कुंकू कागदाच्या पुडीत बांधलं आणि मला ऑटो बोलवायला सांगितली. यावेळी कशाला, असं मी विचारलं नाही.

अक्काचं दुकान उघडं होतं. तिनं शटरला झेंडूची माळ बांधली होती आणि आपले लहानमोठे स्क्रू ड्रायव्हर, पट्ट्या आणि तो चिमटा स्वच्छ फडक्यावर ओळीनं मांडून ठेवले होते. सासूबाईंना बघून ती उठून उभी राहिली. सासूबाईंनी पुडी सोडली. हात थरथरत होता, पण एकेका हत्याराला त्यांनी नीट कुंकू लावलं आणि सगळ्यात शेवटी चिमट्यावर लाल अक्षता ठेवल्या. मग मान वर करून तिच्याकडं बघितलं.

“धूळु, अक्का,” त्या म्हणाल्या. “स्वल्प धूळु.”