दोन विहिणी आणि मी दुभाषा

माझ्या मुलीच्या सासूबाईंना मी आमच्या घरातून पळवून लावलं, ते अत्यंत शुद्ध उच्चार असलेल्या एका शब्दाने.

उच्चाराबद्दल मला आजही शंका नाही. मी आयुष्यभर रत्नागिरीत शाळेत मराठी शिकवलं. (माझे निम्मे विद्यार्थी आज मुंबईत हिंदी बोलतात. उरलेले बोलतच नाहीत, मोबाइल बघतात.) निवृत्तीनंतर वाटलं होतं, आता भाषेशी संबंध संपला. पण मुलगी सुजाता नोकरीसाठी स्लोव्हाकियात गेली आणि तिथल्याच मारेकशी लग्न करून मोकळी झाली. पाठोपाठ मुलगा मिलिंद याने दिल्लीत झरमीनाशी लग्न केलं. झरमीनाचं कुटुंब अफगाणिस्तान सोडून दिल्लीत आलेलं, घरात पश्तो बोलणारं. दोन्ही लग्नं आम्हाला फोनवर कळली. मराठीत कळली, हे त्यातल्या त्यात नशीब.

“झालं ते झालं,” माझी बायको सुमन म्हणाली. “दोन्ही जोडप्यांना एकदा इथं बोलवा. विहारात मंगल परिणय करू, समाजाला जेवण घालू. दोन्ही विहिणी पण येऊ देत.”

“पण त्यांच्याशी बोलणार कोण?”

“मी बोलेन हातवारे करून. जेव म्हणायला व्याकरण कशाला लागतं?”

हे वाक्य मला लागलं. त्याच दिवशी मी मोबाइलवर दोन्ही भाषा शिकायला बसलो. सकाळी स्लोव्हाक, संध्याकाळी पश्तो. आणि काय सांगू, मला वेडच लागलं! स्लोव्हाकमध्ये दोनला ‘द्वा’ आणि पश्तोतही ‘द्वा’! स्लोव्हाकमध्ये सासऱ्याला ‘स्वोकोर’, म्हणजे आपला श्वशुरच की! पश्तोत होकार द्यायचा तर चक्क ‘हो’! मी शेजारच्या नाटेकरांना गाठलं. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले.

“नाटेकर, पश्तोत होकाराला काय म्हणतात माहितीय? हो!”

“म्हणजे मास्तर, मना पश्तो येते म्हणायची,” नाटेकर म्हणाले. “घरात मी दुसरा काय बोलतंय?”

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. समारंभात करायच्या भाषणाची तयारी माझ्या डोक्यात सुरू झाली होती. विषय: ‘स्लोव्हाक आणि पश्तो: मराठीच्या दूरच्या बहिणी’. बहिणी जवळ आल्या की काय होतं, याचा अभ्यास मात्र राहून गेला.

समारंभाच्या आदल्या दिवशी पाहुणे आले. मारेकची आई यानाबाई मुंबईहून गाडीने आल्या. उंच, गोऱ्या, प्रवासाने लाल झालेल्या. इंग्रजी शून्य. मी पुढे होऊन “दोब्री देन्य!” असं खणखणीत म्हणालो. बाई थक्क! त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि घडाघडा स्लोव्हाक बोलायला लागल्या. मला एक अक्षर कळलं नाही, पण मी मान डोलावली. सुजाताने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. (तसं तिने त्यानंतर पाहिलेलं नाही.)

थोड्या वेळाने झरमीनाची आई आणि धाकटी बहीण रेल्वेने आल्या. दिल्लीपासूनच्या प्रवासाने त्या पोरीचं डोकं इतकं दुखत होतं, की ती शाल पांघरून पडवीतल्या दिवाणावर आडवीच झाली. मग आमची दोन्ही जोडपी विहार सजवायला निघाली.

“बाबा, या दोघींना सांभाळाल ना?” सुजाताने विचारलं.

“तू निर्धास्त जा,” मी म्हणालो. सुमन स्वयंपाकघरात सुरमई तळत होती, तिथून तिचा आवाज आला, “अगो, बाबांना एकट्यांना त्यांच्याजवळ नको ठेवू!” पण गाडी निघून गेली होती.

पडवीत आम्ही तिघं आणि झोपलेली पोरगी. दोन्ही विहिणी एकमेकींकडे बघून हसल्या. आता प्रथम ओळख करून देणं आलं. पश्तोत आईला ‘मोर’ म्हणतात. भाषा बहिणी-बहिणीच, यानाबाईंनाही कळेल, म्हणून मी झरमीनाच्या आईकडे बोट करून त्यांना ठासून सांगितलं, “मोर!”

यानाबाईंचं हसू थांबलं.

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. म्हणून मोठ्याने म्हणालो, “मोर! मोर!” आणि लगेच यजमानाच्या कर्तव्याला जागून पाण्याचा तांब्या उचलला. पश्तोत पाण्याला ‘ओबा’. मी झरमीनाच्या आईला आणि मग यानाबाईंनाही विचारलं, “ओबा? ओबा?”

यानाबाई खुर्चीसकट मागे सरकल्या. त्यांनी बोटाने दिवाणावरच्या पोरीकडे दाखवून काहीतरी विचारलं. ही कोण, असंच विचारत असणार! पश्तोत बहिणीला ‘खोर’. मी आनंदाने ओरडलो, “खोर!”

आता हे मला नंतर कळलं, तुम्हाला आधीच सांगतो. स्लोव्हाकमध्ये ‘मोर’ म्हणजे प्लेग. ‘ओबा’ म्हणजे दोघंही. आणि ‘खोरा’ म्हणजे आजारी. ज्या माणसाने मघाशी इतकं सुरेख “दोब्री देन्य” म्हटलं, तो माणूस आता स्पष्ट स्लोव्हाकमध्ये सांगत होता की घरात प्लेग आहे, दोघांनाही झालाय आणि ती शालीतली बघा, पडलीय!

“मोर?” यानाबाईंनी पांढऱ्याफटक चेहऱ्याने विचारलं. “नाओझाय मोर?” म्हणजे खरंच प्लेग?

काहीतरी घोटाळा झालाय एवढं माझ्या लक्षात आलं. मी दोन्ही हात हलवून, घाबरू नका अशा सुरात, सगळ्या जगाला कळेल असा शब्द वापरला. “नो! नो! नो!”

स्लोव्हाक लोक बोलताना ‘नो’ म्हणतात ते ‘हो ना’ या अर्थी. अगदी आपल्यासारखं.

यानाबाई उठल्या. पर्समधून मास्क काढून त्यांनी तोंडाला लावला, सॅनिटायझरची बाटली काढून हातावर, खुर्चीवर, हवेत फवारली. इकडे झरमीनाच्या आईला काहीच कळेना. बाईंना बरं वाटत नसेल असं समजून ती बिचारी उठली आणि आधार द्यायला हात पुढे केला. यानाबाईंनी अंग चोरलं. साडीचा... नव्हे, त्या झग्याचा काठसुद्धा लागू नये असा आवरून धरला आणि भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

इथे मला हसू यायला हवं. तुम्हालाही येत असेल, तर हसा. मी हे सांगताना नेहमी इथे हसतो. पण त्या दिवशी नाही हसलो. अंग चोरणं काय असतं, हे आमच्या घराला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या आईला गावात पाणी वरून ओतत. फक्त आजवर हे आमच्या बाबतीत दुसऱ्यांच्या पडवीत घडायचं. आता ते माझ्या पडवीत, मी मांडलेल्या खुर्च्यांमध्ये, मी केलेल्या ओळखीमुळे घडत होतं.

झरमीनाच्या आईने हात मागे घेतला. तिला दिल्लीत राहून मोडकीतोडकी हिंदी येत होती, हे मी विचारलंच नव्हतं. ती मला शांतपणे म्हणाली, “भाईसाब, कोई बात नहीं. दिल्ली में भी लोग ऐसे ही दरवाज़ा बंद करते हैं.” आणि तिने झोपलेल्या पोरीला उठवलं.

तेवढ्यात सुमन झारा घेऊन बाहेर आली. “काय केलंत?”

“ओळख करून दिली.”

“कोणाची?”

मी फाटकाकडे बोट दाखवलं.

यानाबाई बॅग उचलून रस्त्यावर पोचल्या होत्या. त्यांनी रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला एकच शब्द सांगितला, “हॉटेल!” तो रिक्षावाल्याला लगेच कळला. माझा अभ्यास इतका, त्यांचा एक शब्द, आणि काम झालं! दुसऱ्या रिक्षाने झरमीनाची आई पोरीला घेऊन स्टेशनकडे गेली. मी फाटकात उभा. नाटेकर कुंपणावरून म्हणाले, “काय ओ मास्तर, बहिणी-बहिणी भांडल्या वाटता?”

पुढचं थोडक्यात सांगतो. मिलिंदने सासूला स्टेशनवरून परत आणलं. सुजाताने हॉटेलात जाऊन सासूला समजावलं. खरा प्रकार कळल्यावर यानाबाई हुंदके देऊन रडल्या, येऊन झरमीनाच्या आईचे हात धरून बसल्या. आईने माफ केलं असावं. पण दुसऱ्या दिवशी विहारात ती एका टोकाला बसली आणि यानाबाई दुसऱ्या, दोघींच्या मधे सुमन.

मी भाषणाचा कागद घेऊन उठलो, तर सुजाताने माइक माझ्या हातून काढून घेतला. “बाबा, प्लीज. तुम्ही आज बोलूच नका.” जयभीम म्हणून मी खाली बसलो. आयुष्यभर ज्याने बोलून पोट भरलं, त्याने पोरांच्या मंगल परिणयात तोंड फक्त जेवायला उघडलं.

आता त्या दोघी विहिणी एकमेकींना मोबाइलवरून निरोप पाठवतात. मोबाइलच भाषांतर करतो. तो चुकला तर दोघी हसतात. मिलिंद म्हणतो, यानाबाईंनी तिकडून झरमीनाच्या आईला लोकरीचा स्वेटर विणून पाठवलाय. मला कुणी निरोप पाठवत नाही. मिलिंद दिल्लीहून सणाला येतो. सुजाता त्यानंतर आलीच नाही. आधी रजा नव्हती, मग बाळ झालं, मग बाळ लहान होतं.

नात आता बोलायला लागलीय. रविवारी सुजाता व्हिडिओ कॉल लावते. मी सुजाताला म्हटलं, “तिच्याशी मराठी बोलत जा गो.”

“बाबा, इथं मराठी बोलायला तिला आहे कोण?”

“मी आहे ना.”

फोन तिने पोरीच्या हातात दिला. मी चष्मा पुसला आणि माझ्याकडे होती नव्हती तेवढी सगळी गोड मराठी काढली. “काय गो बाय, जेवलीस काय? आजोबांना ओळखलंस?” पोरीने लक्ष देऊन ऐकलं. मग आईकडे वळून विचारलं, “चो खत्से तेन पान?”

“काय म्हणाली?” सुमनने विचारलं. सुजाता एकदम घाईघाईने म्हणाली, “काही नाही आई, भूक लागलीय तिला.”

पण मला कळलं होतं. इतक्या वर्षांच्या अभ्यासात पहिल्यांदाच एक अख्खं स्लोव्हाक वाक्य मला मोबाइलशिवाय कळलं. तिने विचारलं होतं, “त्या गृहस्थांना काय हवंय?”

मी सुजाताला म्हटलं, “व्याकरण मात्र अगदी शुद्ध आहे हो तिचं!”