बटणाच्या अलीकडचा दिवा

विज्ञान हा विषय बाईंच्या गळ्यात पडला तो वर्षाच्या मधोमध. मूळच्या त्या भाषेच्या. विज्ञानाच्या सरांची बदली झाली आणि मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, एवढं निभावून न्या." सौरऊर्जेच्या धड्याला साहित्य मागावं तर नन्नाचा पाढा! मग बाईंनी भंगारवाल्याकडून बागेतल्या मोडक्या दिव्यांची तळहाताएवढी पॅनेलं आणली, तुटक्या खेळण्यांतल्या मोटरी आणल्या, पुठ्ठ्याचे पंखे कापले.

खरं तर हा धडा त्यांना नकोच होता. त्यांचा नवरा वायरमन. सौर पॅनेलचं पहिलंच काम घेतलं आणि गोदामाच्या छपरावर भर उन्हात तारा जोडताना शॉक बसून गेला. खाली बटणापाशी धाकटा दीर होता. बटण बंद केलं होतं असं तो शपथेवर सांगत राहिला, पण ऐकतंय कोण? अशा वेळी कुणावर तरी खापर फोडल्याशिवाय माणसाला राहवत नाही. "भाऊजी, तुमच्या हलगर्जीपणाने गेले ते," बाई चारचौघांत बोलल्या. तेव्हापासून तो घरी फिरकला नाही, आणि बाईंनीही बोलावलं नाही.

वर्गात खिडकीतल्या उन्हात पॅनेल, मध्ये बटण, पुढे पंखा. बटण बंद केलं की पंखा थांबायचा. पोरं खूश. एका वेंधळ्या पोरीने मात्र छोटा लाल दिवा बटणाच्या पुढे जोडायचा तो अलीकडे, थेट पॅनेललाच जोडला.

"बाई, बटण बंद आहे, तरी दिवा चालूच!"

"अगं, चुकीचं जो..." म्हणता म्हणता बाई थांबल्या. बटण पुन्हा दाबून पाहिलं. दिवा काही विझेना. हाताने पॅनेल झाकलं तेव्हा कुठे विझला. म्हणजे बटणाने पुढची वीज थांबते. ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारेत ती असतेच! बाईंना गोदामाचं छप्पर आठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत, बाईंचा निरोप मिळाला म्हणून दीर आला. दारातच उभा राहिला.

"आत या, भाऊजी. एवढं बटण बंद करा."

त्याने केलं. पंखा थांबला, दिवा तसाच. त्याने दिव्याच्या तारेवरून बोट पॅनेलपर्यंत नेलं.

"दादाला हे ठाऊक नव्हतं?"

"आपल्यात कुणालाच नव्हतं. मी मात्र नाही नाही ते बोलले तुम्हाला. चुकले हो मी. तुम्ही बटण बंद केलं होतं."

तो पोरांच्या बाकावर बसला.

"वहिनी," तो म्हणाला, "ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलं होतं, की मी केलंच नसेल."