कुंकवासाठी उतरलेली जाळी

खुशालराव मिस्त्री हा माणूस फार बोलत नाही, आणि बोललाच तर समोरच्याला लागेल असंच बोलतो. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ते यंत्रं सांभाळतात, मी वजनकाट्यावर बसते. त्यांची बायको मैनाबाई, भातकुलीकडची, यंत्रात कापूस सोडायच्या कामावर होती. नवरा कुरकुर करायचा आणि ही हसून त्याची टर उडवायची.

कापूस मोकळा करणाऱ्या यंत्रात दातेरी रूळ फिरतो. त्याच्या तोंडावर खुशालरावांनी लोखंडी जाळी बसवली होती, नटबोल्टांनी चांगली आवळलेली. ती वर्षभर हलायची नाही, फक्त दसऱ्याला उतरायची. पूजा यंत्राची, मग कुंकू जाळीला कसं लावायचं? ते थेट रुळाला लागलं पाहिजे, हा आम्हा सगळ्यांचाच हट्ट. कुंकू लावायचा मान मैनाबाईचा, ती सगळ्यांत मोठी म्हणून.

त्या दसऱ्याला पूजा झाली, पेढे वाटले, तोवर फाटकावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली. शेठ म्हणाले, आधी गाड्या खाली करा, जाळी उद्या बसवू. खुशालराव तिकडे रुईच्या गठाणी बांधायच्या प्रेसमध्ये अडकलेले. जाळी भिंतीला टेकून राहिली आणि यंत्र सुरू झालं. दुपारी तोंडाशी कापसाचा बोळा अडकला. जाळीवर अडकलेला बोळा मैनाबाई रोज हातानंच ओढायची. तसाच हात पुढे गेला, आणि पुढे जाळी नव्हती.

उजवा हात कोपरापासून गेला.

नंतर जे सुरू झालं त्याची मला अजून चीड येते. बाईचं लक्ष नसन, बोलत असन कोणाशी. ज्यांनी पेढे खाल्ले तेच हे बोलत होते. खुशालराव बरेच दिवस ऐकून घेत राहिले, मग एकदा भडकलेच.

"तिचं ध्यान होतं! चूक तर माणसाच्या हातून होनारच. मंग मशीन काहून नाई थांबत?"

त्यानंतर ते रिकाम्या वेळी डबा उपडा घालून बसू लागले आणि बायांचे हात कुठं कुठं जातात ते बघू लागले. बाया आधी लाजल्या, मग हसल्या, मग विसरून गेल्या. त्यातून नवं झाकण तयार झालं. ते बिजागरीवर उघडतं, पण वीज बंद करूनही रूळ गरगरत राहतो, म्हणून तो पुरता थांबल्याशिवाय कडी सुटतच नाही. लाकडाचा नमुना त्यांनी घरी नेला. मैनाबाईनं झाकणाची मूठ डाव्या हातानं फिरवून पाहिली.

"जरासं खाली घ्या," ती म्हणाली. "कामावरची वर्षाली ठेंगणी हाय, तिचा हात नाई पोचत."

त्यांनी मूठ खाली घेतली. झाकणाच्या बाहेरून एक पितळी पत्राही ठोकला, कुंकवासाठी. आता पूजेलाही यंत्र उघडायला नको. तो पत्रा पाहून मैनाबाई खूप दिवसांनी हसली, असं त्यांनीच मला सांगितलं.

यंदाच्या दसऱ्याला सगळ्या यंत्रांवर ती झाकणं बसली होती. मैनाबाई अपघातानंतर पहिल्यांदाच जिनिंगात आली. बायांनी वाट करून दिली. वर्षालीनं तबक धरलं. मैनाबाईचं बोट कुंकवापर्यंत गेलं आणि थांबलं.

"लाव ना," खुशालराव म्हणाले.

"डाव्या हातानं?" ती म्हणाली. "देवाले डाव्या हातानं कुकू लावतेत का?"

मूठ, कडी, पत्रा, सगळं त्या माणसानं हाताचा विचार करून केलं होतं. हे मात्र त्यांच्या मनातच आलं नव्हतं. ते पत्र्याकडे पाहत राहिले, मग तिच्याकडे.

"तुमी लावा," मैनाबाई म्हणाली. "माहा उजवा तर ह्या मशीनीनंच घेतला."

त्यांनी कुंकू घेतलं, पत्र्यावर टेकवलं, आणि बोट तिथंच धरून आम्हा सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. इतक्या माणसांत नवऱ्याला कधी बोटही न लावलेल्या मैनाबाईनं पदर डाव्या हातात घेतला आणि त्यांचे डोळे पुसले.